दुसऱ्या महिन्याची गोळी

उच्च रक्तदाबावरचं औषध शोधायचं राहिलेलं नाही. ॲमलोडिपिन ही गोळी कित्येक वर्षं जगभर वापरात आहे, दिवसातून एकदाच घ्यायची असते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मोजण्याचं यंत्र बॅटरीवर चालतं, पिशवीत मावतं. रक्त काढावं लागत नाही, फोटो काढावा लागत नाही. तरीही 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर आला तो लकवा. दर सात मृत्यूंमागे एक त्याच्यामुळे झालेला, आणि त्यातली बहुतेक माणसं दवाखान्यात नव्हे, घरातच गेलेली. ज्या जिल्ह्याचं नाव आपण हिवताप आणि कुपोषणाशी जोडतो, तिथली ही गोष्ट आहे. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेला आणि कुणी न मोजलेला रक्तदाब.

औषध आहे, यंत्र आहे, मग अडतं कुठे?

अडतं ते या आजाराच्या स्वभावात. बीपी दुखत नाही. ताप आला की माणूस झोपतो, विंचू चावला की धावत दवाखाना गाठतो. रक्तदाब १७० असलेली बाई मात्र पाण्याचे दोन हंडे आणते, रोवणीला जाते, रात्री शांत झोपते. तिला कुणी गोळी दिली तर ती महिनाभर घेते आणि पाकीट संपलं की थांबते. कारण गोळी घेण्याआधी काही होत नव्हतं आणि थांबवल्यावरही काही होत नाही. पुन्हा गोळी आणायची म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचा प्रवास आणि एका दिवसाची मजुरी. जे दुखतच नाही त्याच्यासाठी एका दिवसाचा रोज कोण बुडवील? हा अडाणीपणा नाही, साधा हिशेब आहे. तो हिशेब बदलायचा तर दवाखान्यानं माणसाच्या जवळ जायला हवं, आणि दवाखान्याच्या वतीनं घरापर्यंत जाणारी व्यक्ती आपल्याकडे आहे ती आशाताई.

गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचं काम सोपवायचं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि कमी शिकलेल्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना ग्राम आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत 'सर्च'च्याच अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरातच नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू निम्म्यावर आणले, आणि त्याचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमली गेली. तेव्हा तिच्यापुढे कामं होती बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन. बीपी, मधुमेह, कर्करोग हे तिच्या वहीत आले ते अलीकडे.

काम सुरू होतं एका फॉर्मपासून. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो घरी जाऊन भरायचा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरात कुणाला बीपी, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, या सहा गोष्टींना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. समजा, बावन्न वर्षांचा शेतमजूर आहे. अंगावर मांस नाही, दिवसभर राबतो, दारू पीत नाही, पण खर्रा रोजचा. वयाचे तीन आणि रोजच्या तंबाखूचे दोन, झाले पाच. बीपी हा जाड्या, बसून खाणाऱ्या, शहरी माणसाचा आजार असा आपला पक्का समज आहे. हा फॉर्म तो समज मोडतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. अर्थात गुण कमी आले म्हणून कुणाला सोडायचं नसतं. तपासणी तिशीनंतर सगळ्यांचीच व्हायला हवी, गुणांवरून फक्त आधी कोण ते ठरतं.

पुढची पायरी मोजण्याची. काही ठिकाणी यंत्र आशाताईकडेच असतं, बहुतेक ठिकाणी उपकेंद्रातल्या सिस्टरकडे किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे. इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बाई शेतावरून लगबगीनं आली, ओसरीवर टेकली, चहाचा घोट घेतला, तिच्या दंडावर लुगड्याच्या पोलक्यावरूनच पट्टा बांधला आणि "पोरगी कधी आली माहेरी?" असं विचारत बटण दाबलं. आकडा येईल १५२. खरा किती, कुणास ठाऊक. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा काही अंकांनी चढतो. पाय लोंबकळत असले किंवा एकमेकांवर टाकले असले तरी चढतो. हात खाली लटकत असला तरी चढतो, पट्टा दंडाला लहान पडत असला तरी चढतो. लघवी तुंबलेली असली, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेला असला तरीही तेच.

नीट मोजायचं तर खुर्ची किंवा भिंतीला टेकून पाठ, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, दंड उघडा, हात उशीवर किंवा पाटावर छातीच्या पातळीला. पाच मिनिटं गप्प बसायचं. मग पहिला आकडा, मिनिटभर थांबून दुसरा. घरात ही पाच मिनिटं मिळवणं हेच आशाताईचं कौशल्य. सून आत चुलीशी काही विचारत असते, नातू यंत्राला हात लावायला येतो, शेजारीण "माझं बी बघा ना" म्हणत उभी असते. मुरलेल्या कार्यकर्त्या आधी गप्पा मारून घेतात, नातवाला पट्टा हातात धरायला देतात, मग म्हणतात, "आता मावशी, यंत्र आवाज करेपर्यंत मी पण बोलणार नाही अन् तुम्ही पण नाही."

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे गेला तरी त्या एका दिवसावरून कुणाला बीपीचा रुग्ण ठरवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात, मग डॉक्टर ठरवतात. अपवाद आहे तो १८०/११० च्या वरच्या आकड्यांचा. तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, एका अंगातली ताकद गेली, तर आकडा न बघता १०८ ला फोन. गरोदर बाईचं वाढलेलं बीपी हे वेगळंच प्रकरण आहे. तिला या साखळीत घालायचं नसतं, थेट डॉक्टरकडे न्यायचं असतं. इतरांना चालणारी टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी तिच्या बाळाला घातक ठरू शकते.

आता औषध. २०१७ च्या अखेरीस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र आणि राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना आणि 'रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज' यांनी मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. सुरुवातीला पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र ही राज्यं होती. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. या उपक्रमाचा गाभा अगदी साधा आहे: एका राज्यात सगळ्या सरकारी दवाखान्यांत एकच लिखित उपचारपद्धती. पूर्वी एक डॉक्टर एक गोळी लिहायचा, बदली होऊन आलेला दुसरा तिसरीच लिहायचा, आणि कपाटात असायची चौथी. आता पायऱ्या ठरल्या. आधी ॲमलोडिपिन ५ मिलिग्रॅम. महिन्यानं पुन्हा मोजायचं. आकडा उतरला नसेल तर टेल्मिसार्टन ४० ची जोड द्यायची. तरीही नाही उतरला तर मात्रा वाढवायची, मग क्लोरथॅलिडोन. राज्याराज्यांत थोडा फरक आहे, पण तीन औषधांत बहुतेकांचं भागतं.

डॉक्टरच्या बुद्धीला कागदावर बांधून टाकल्यासारखं हे वाटेल. मला यात गरिबांची सोय दिसते. औषधं तीनच असली की किती लागतील याचा हिशेब भांडारपालालाही करता येतो. एका केंद्रात सहाशे रुग्ण नोंदले असतील तर महिन्याला ॲमलोडिपिनच्या अठरा हजार गोळ्या हव्यात. हा गुणाकार न करता अंदाजानं मागणी गेली, की महिन्याच्या वीस तारखेला कपाट रिकामं होतं. आणि पायपीट करून आलेल्या माणसाला "गोळी संपली, पुढच्या आठवड्यात या" असं एकदा ऐकावं लागलं, की तो पुढच्या आठवड्यात येत नाही. तो पुन्हा येतो तो कधी कधी खाटेवरून.

यापुढचा भाग सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. रुग्ण शोधणं सोपं असतं. एक शिबिर लावलं, मंडप टाकला, दिवसभरात दोनशे माणसं तपासली, बातमी छापून आली. दुसऱ्या महिन्यात त्यातली किती गोळीला परत आली, हे कुणी विचारत नाही. म्हणून या उपक्रमात मोजायची पद्धतच बदलली. प्रत्येक रुग्णाला एक कार्ड आणि क्रमांक मिळतो, नोंद वहीत किंवा मोबाइलवर होते. एका तिमाहीत नोंदलेल्या सगळ्यांचा हिशेब पुढच्या तिमाहीत मांडायचा. शेवटचा आकडा १४०/९० च्या आत असलेले किती, बाहेर असलेले किती आणि आलेच नाहीत असे किती? जो आला नाही तो यादीतून गळत नाही, उलट त्याचं नाव ठळक होतं. त्या नावांची यादी आशाताईकडे जाते, आणि तिथून तिचं खरं काम सुरू होतं.

ती काय करते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. ती दारात उभी राहून "गोळी का बंद केली?" असं विचारत नाही. बसते, पाणी घेते आणि म्हणते, "मावशी, पाकीट आणा बरं, बघू किती उरल्यात." पाकिटात तेरा गोळ्या. म्हणजे पंधरवड्यानंतर थांबल्या. मग हळूहळू कारण बाहेर येतं. पाय सुजले होते. ॲमलोडिपिननं काहींचे घोटे सुजतात, ते डॉक्टरला सांगून बदलता येतं. पण मावशींना वाटलं गोळी अंगाला लागली नाही. दुसऱ्या घरी कळतं, की जावयानं सांगितलं, एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते. तिसऱ्या घरी, आकडा १३० आला म्हणून बीपी बरं झालं असं समजून बंद. चौथ्या घरी एकादशीला पाण्याबरोबर गोळी चालते का हा प्रश्न असतो, आणि विचारायचं कुणाला हे कळत नाही म्हणून उपवासाच्या दिवशी ती राहून जाते. यातलं एकही कारण दवाखान्यातल्या दोन मिनिटांत डॉक्टरला कळत नाही. "आकडा चांगला आलाय तो गोळीमुळे, गोळी सोडली की परत चढेल," हे वाक्य गावातल्याच बाईनं, आपल्या बोलीत, चार वेळा सांगितलं की गळी उतरतं.

मिठाचंही तसंच. मीठ कमी खा, हा सल्ला हवेत विरतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाच ग्रॅम म्हणजे किती, हे सांगून कुणाला कळणार? त्यापेक्षा मिठाचा पुडा किती दिवस पुरतो, हे विचारावं. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा चाळीस दिवस पुरायला हवा. पंधरा-वीस दिवसांत संपत असेल, तर लोणचं, पापड, सुकट, फरसाण यांचा हिशेब न करताही उत्तर मिळालं. यावर घरातली बाई स्वतःच विचार करू लागते, भातात मीठ घालायचं की नाही, ठेच्यात किती. घरातल्या सगळ्यांचं जेवण तिच्या हातात असतं, म्हणून हे तिच्याशीच बोलायचं.

पुरुष मात्र निसटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, पंधरा वर्षांवरच्या बायकांत शंभरात २१ आणि पुरुषांत २४ जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा गोळीवर असलेला आढळला. दवाखान्याच्या रांगेत मात्र बायकाच जास्त दिसतात. आशाताई दुपारी घरी येते तेव्हा पुरुष शेतात किंवा कामावर. घरी असले तरी तिच्यासमोर दंड उघडायला लाजतात, तंबाखूबद्दल खरं सांगत नाहीत. म्हणून दूध डेअरीवर सकाळी, आठवडी बाजारात, रेशन दुकानाच्या ओळीत मोजणं जास्त फळतं. शहरातल्या झोपडपट्टीत संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असणारा दवाखाना हवा, नाहीतर बिगारी कामगार कधी येणार?

हे सगळं चालतं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर चांगल्या तुलनात्मक अभ्यासांतून मिळालेलं आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेच्या खेड्यांत ३० वस्त्या निवडून २,६४५ रुग्णांवर दोन वर्षं झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या वस्त्यांत सरकारी आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जाऊन बीपी मोजायच्या, समजावून सांगायच्या आणि गरज पडली तर दवाखान्यात पाठवायच्या. पाकिस्तानात हे काम लेडी हेल्थ वर्करनी केलं. डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिलं होतं. नेहमीच्या पद्धतीच्या वस्त्यांपेक्षा इथला वरचा आकडा सरासरी पाचनं जास्त उतरला. पाच हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानंही हृदयविकार आणि लकव्याचे मोठे झटके साधारण दहा टक्क्यांनी घटतात.

अर्जेंटिनाच्या गरीब वस्त्यांतल्या १८ आरोग्य केंद्रांतला अभ्यास २०१७ चा. तिथे कार्यकर्त्या पहिले सहा महिने दर महिन्याला घरी जायच्या, रुग्णाबरोबर अख्ख्या कुटुंबाला बसवायच्या, औषधं सरकारकडून फुकट होती. दीड वर्षानं त्या भागात शंभरातल्या सुमारे ७३ जणांचं बीपी आटोक्यात होतं, नेहमीच्या केंद्रांत ५२.

तिसरा अभ्यास चीनचा, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा. ३२६ खेडी, जवळजवळ ३४ हजार रुग्ण. लक्ष्यही कडक, १३०/८० च्या आत. दीड वर्षानं शंभरातले ५७ जण तिथे पोचले, तुलनेच्या गावांत २० सुद्धा नाहीत. तीन वर्षांनी हृदयविकार, लकवा आणि त्यांमुळे होणारे मृत्यू तिसऱ्या हिश्शानं कमी झाले. फरक कशात होता? तिथे हे काम केलं ग्राम डॉक्टरांनी. ते पदवीधर डॉक्टर नव्हेत, गावातच राहणारे, थोडं प्रशिक्षण घेतलेले लोक. पण त्यांना लिखित पायऱ्यांप्रमाणे औषध सुरू करण्याची आणि वाढवण्याची मुभा होती, वर डॉक्टरांची देखरेख होती, आणि औषधं सवलतीत गावातच मिळत होती.

हे तिन्ही शेजारी ठेवले, की माझं मत पक्कं होतं. मोजणारी माणसं वाढवून थोडा फायदा होतो. गोळी देण्याचा आणि वाढवण्याचा निर्णय जितका घराजवळ येतो, तितका हा फायदा वाढत जातो. आपल्याकडे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, त्याच्याकडे पुढच्या महिन्याच्या गोळ्या मिळतात, हे मोठंच पाऊल आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी आशाताई आणि सिस्टरनी गोळ्या घरपोच दिल्या, दोन-दोन महिन्यांच्या दिल्या, आणि काही बिघडलं नाही. तरीही आकडा उतरत नसेल तर दुसरी गोळी जोडायला रुग्णाला डॉक्टरपर्यंतच जावं लागतं, आणि पुष्कळजण तिथेच अडकतात. वर्षभर येतात, वर्षभर १५५ दाखवतात, वर्षभर तीच एक गोळी नेतात. पायऱ्या कागदावर ठरलेल्या असताना, फोनवर डॉक्टरला विचारून पुढची पायरी उपकेंद्रातच चढता यायला हवी. स्थिरावलेल्या रुग्णाला तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला हरकत नसावी.

राहिला प्रश्न त्या बाईचा, जिच्या पायांवर हे सगळं उभं आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच वर्षी या रक्तदाब उपक्रमालाही संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचं बीपी आटोक्यात होतं. पण आशाताई आजही नोकरदार नाही, ती मानधनावरची स्वयंसेविका आहे. त्या सहा प्रश्नांच्या फॉर्ममागे तिला १० रुपये धरले आहेत. एका रुग्णाला सहा महिने गोळीवर टिकवण्याचे ५० रुपये. म्हणजे पाकीट मोजणं, पायाची सूज ऐकून घेणं, जावयाची समजूत काढणं आणि डेअरीवर सकाळी जाणं, या सगळ्याचे महिन्याला आठ रुपये आणि काही पैसे. महाराष्ट्रातल्या आशा २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला संपावर गेल्या, आझाद मैदानावर बसल्या, त्यानंतर राज्याच्या मानधनात वाढ झाली. फॉर्म भरण्याचे पैसे लगेच आणि माणूस टिकवण्याचे सहा महिन्यांनी, हा क्रम मात्र तसाच आहे. ज्या कामानं लकवा टळतो, त्या कामाचे पैसे दर महिन्याला, रुग्णाची गोळी सुरू असल्याच्या नोंदीवर मिळायला हवेत. आणि ते वेळेवर तिच्या खात्यात पडायला हवेत.